खिडकीतून दिसलेले पॅरिस

जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये पूर्वी कामीय पिसारो या फ्रेंच चित्रकाराचे एक चित्र होते. पॅरिसच्या बुलेव्हार मोंमार्त्र या रस्त्यावरची वसंतातली सकाळ त्यात रंगवलेली होती. आम्ही ते पाहायला गेलो, तेव्हा बरोबरच्या मंडळींनी विचारले, "चित्रकार यहुदी म्हणता, मग चित्रात यहुदी काय आहे?"

प्रश्न रास्त होता. चित्रात ना सिनेगॉग, ना मेनोरा, ना कुणी रब्बी.

पिसारोचा जन्म १८३० साली कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर झाला. वडिलांनी आपल्या मृत मामाच्या विधवेशी लग्न केले होते. तिथल्या सिनेगॉगने ते १८३३ पर्यंत मानले नाही. म्हणजे मुलगा जन्मला, तेव्हा समाजाच्या लेखी आईबाप विवाहित नव्हते. विवाहाच्या प्रश्नावरून १९६० नंतरच्या काळात आपण बेने इस्राएलांनी या देशात जे सोसले, ते आठवणाऱ्यांना यातले दुःख समजावून सांगायला नको. मोठेपणी पिसारोने धर्म पाळला नाही.

त्याने आपली निष्ठा चित्रकलेला दिली. १८७४ ते १८८६ या काळात इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची आठ प्रदर्शने भरली. त्या आठही प्रदर्शनांत भाग घेणारा तो एकटाच. सेझान आणि गोगँ त्याच्याजवळ बसून शिकले. आधुनिक चित्रकलेचा जनक म्हणून जो गौरवला जातो, त्या सेझानने म्हातारपणीही स्वतःला पिसारोचा शिष्य म्हणवून घेतले. शिक्षकाला याहून मोठे बक्षीस कोणते?

१८९७ साली, वयाच्या ६६ व्या वर्षी, डोळ्याच्या विकारामुळे त्याला वारा आणि धूळ सोसवत नव्हती. म्हणून त्याने हॉटेलात खोली घेतली आणि खिडकीशी बसून त्या एकाच रस्त्याची १४ चित्रे काढली. त्यांतले रात्रीचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ओल्या रस्त्यावर दिव्यांचा उजेड कसा पसरतो, ते त्यात पाहावे. या चित्रांतला माणूस जवळून पाहिला, तर कुंचल्याचा नुसता एक फटकारा दिसतो. चार पावले मागे सरकले, की तोच फटकारा चालू लागतो.

पुढच्या हिवाळ्यात तो दुसऱ्या हॉटेलातून ऑपेराचा रस्ता रंगवत होता. ड्रेफस प्रकरणाने तेव्हा पॅरिस पेटले होते. जानेवारी १८९८ मध्ये झोलाने ड्रेफसच्या बाजूने जाहीर पत्र छापले, आणि पिसारोने त्याचे अभिनंदन केले. देगा आणि रेन्वार या जुन्या स्नेह्यांनी पिसारोकडे पाठ फिरवली. रस्त्यांवर यहुद्यांविरुद्ध घोषणा चालल्या होत्या. चित्रांत मात्र गाड्या जातात, माणसे आपापल्या कामाला निघालेली असतात.

हा पळपुटेपणा तर नव्हे, अशी शंका आम्हालाही आली. शिवाय उंचावरून पाहिल्यामुळे या चित्रांत चेहरे हरवतात. त्याने रंगवलेल्या शेतकरी बायांच्या चित्रांतला जिव्हाळा इथे नाही, हा दोष मान्य केला पाहिजे. तरी आमचे मत असे, की ज्या गर्दीत आपला द्वेष करणारेही चालत होते, तिच्यातल्या प्रत्येकावर त्याने सारखाच उजेड पाडला. ज्याला हे साधले, त्याला पळपुटा म्हणवत नाही.

जेरुसलेमचे ते चित्र पूर्वी ब्रेस्लाऊच्या माक्स सिल्बरबर्ग या यहुदी उद्योजकाचे होते. नाझी राजवटीत, १९३५ साली, त्याला ते विकणे भाग पडले, आणि पुढे तो होलोकॉस्टमध्ये बळी गेला. २००० साली म्युझियमने चित्राची मालकी त्याच्या सुनेला परत दिली. नंतरही ते काही वर्षे तिथेच लावलेले होते. २०१४ साली लंडनच्या लिलावात ते विकले गेले.

चित्रात यहुदी काय, असे आता कुणी विचारले, तर आम्ही आधी ही हकिकत सांगतो. मग म्हणतो, चष्मा पुसा, चार पावले मागे या, आणि ती माणसे चालू लागेपर्यंत थांबा.