नाकारलेला घास, अडलेला शब्द : ‘विंटरगर्ल्स’चे एक वाचन

मराठी साहित्यात भुकेला मोठा इतिहास आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शेणातले जोंधळे धुऊन, दळून केलेली भाकरी आहे, लातूर तालुक्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) पोटासाठी चोरीकडे ढकलल्या गेलेल्या जमातीचे जगणे आहे. येथे अन्नाचा अभाव व्यवस्थेने लादलेला असतो. दुसरीकडे व्रत, उपोषण, प्रायोपवेशन ही अन्न नाकारण्याची प्रतिष्ठा पावलेली रूपेही आपल्याकडे आहेत. लॉरी हॅल्स अँडरसन या अमेरिकी लेखिकेची ‘विंटरगर्ल्स’ (२००९) ही कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी या दोन्ही कोटींत बसत नाही. पदव्युत्तर वर्गात तिचा परिचय करून दिला, तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा : ‘घरात सगळे असताना ही मुलगी जेवत का नाही?’ हा प्रश्न भाबडा नाही. आपल्या समीक्षेच्या परिभाषेतील एक रिकामी जागा तो दाखवतो.

कादंबरीची निवेदक लिया अठरा वर्षांची आहे. अॅनोरेक्सियामुळे ती यापूर्वी दोनदा रुग्णालयात राहून आली आहे. तिची दुरावलेली मैत्रीण कॅसी एका मोटेलच्या खोलीत एकटीच मरण पावते. मृत्यूच्या रात्री तिने लियाला तेहतीस वेळा दूरध्वनी केलेला असतो. लियाने तो एकदाही घेतलेला नसतो. पुढचे सारे निवेदन या न घेतलेल्या दूरध्वनीभोवती फिरते. आजार शोकाच्या आधीपासून आहे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. शोक हे आजाराचे कारण नव्हे. व्यक्त होऊ न शकणाऱ्या शोकाला आजार आपली तयार भाषा उसनी देतो. कादंबरीचे मर्म, माझ्या मते, येथे आहे.

ही भाषा संहितेच्या बाह्य रूपातच दिसते. प्रत्येक पदार्थाच्या नावापुढे उष्मांकांचा आकडा येतो. मनात उमटलेले शब्द छापील पानावर आडवी रेघ मारून खोडलेले दिसतात आणि त्यांच्या जागी दुसरे, ‘शिस्तबद्ध’ शब्द येतात. भूक आणि आईविषयीची ओढ अशी खोडली जाते. परंतु खोडलेले वाक्य वाचता येते. त्यामुळे निवेदक स्वतःशी करीत असलेली फसवणूक वाचकाला कळते, आणि तिला मात्र ती शिस्त वाटते. वजनकाट्याला फसवण्यासाठी लिया झग्यात नाणी शिवून ठेवते. तिच्या निवेदनाचेही तसेच आहे : त्यात खोटे वजन शिवलेले आहे.

मराठी वाचकाला या रचनेकडे जाण्याची वाट आपल्या भाषेतून सापडते. दुःखात ‘घास घशाखाली उतरत नाही’ आणि ‘शब्द घशात अडतो’ असे आपण म्हणतो. अन्न आत जाण्याची आणि शब्द बाहेर येण्याची वाट एकच, हे आपली भाषा जाणते. कॅसीचा मृत्यू वारंवार उलट्या केल्यामुळे अन्ननलिका फाटून झालेला आहे. लियाच्या घशाखाली घास जात नाही आणि मैत्रिणीविषयीचा अपराधही तिच्या तोंडून बाहेर पडत नाही. आपल्याकडे मृत्यूच्या घरी चूल पेटत नाही. भावकी आणि सोयरे अन्न आणतात, ‘कडू घास’ देतात. शोकग्रस्ताने पुन्हा जेवावे, ही जबाबदारी तेथे समूहाची असते. लियाभोवती डॉक्टर आई, प्राध्यापक वडील, सावत्र आई, उपचार हे सर्व आहे; पण कॅसीसाठी तिच्याबरोबर शोक करणारे कोणी नाही. तिच्यावर पाळत आहे, सोबत नाही.

म्हणूनच सूझी ऑरबाख यांनी १९८६ साली मांडलेले ‘उपोषणा’चे रूपक आपण जपून वापरले पाहिजे. अॅनोरेक्सियातील अन्नत्यागात त्यांनी स्त्रीचा निषेध वाचला आणि ते वाचन मोलाचे आहे. मात्र जेथे उपोषणाला सत्याग्रहाचे तेज आहे, तेथे हे रूपक आजाराला नकळत पावित्र्य देऊ शकते. अँडरसन ते तेज लियाला देत नाहीत. धाकटी सावत्र बहीण एमा तिला रक्ताने माखलेली पाहते, तेव्हा ‘माझ्या देहावर माझी सत्ता’ हा लियाचा दावा कोसळतो.

कादंबरीला मर्यादाही आहेत. शेवटी लिया जगण्याकडे वळते ते काहीसे घाईने. कुमार साहित्याची आशेची अपेक्षा तेथे कलेवर मात करते. दुर्बल क्षणी असलेल्या वाचकाला हे आकडे मार्गदर्शक ठरतील, हा या कादंबरीवर घेतला गेलेला आक्षेपही झटकून टाकण्यासारखा नाही. रचनेतील उपरोध जाणत्या वाचकाला कळतो; आजारी वाचक केवळ आकडे वाचू शकतो. त्यामुळे ही कादंबरी शिकवणाऱ्याने ती नुसती यादीत घालून मोकळे होता कामा नये.

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांसाठी सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली घर सोडून वसतिगृहांत येतात. त्यांच्यापैकी कोणाचा डबा न उघडता परत जात असेल, तर त्याला आपण ‘नखरे’ म्हणतो, ‘उपवास’ म्हणतो, ‘अभ्यासाचा ताण’ म्हणतो. भुकेचे साहित्य आपण मोठ्या कष्टाने वाचायला शिकलो. भरल्या ताटासमोरची भूक वाचायला शिकणे हे त्या साहित्याशी द्रोह करणे नव्हे. त्यानेच आपल्याला शिकवलेल्या वाचनाचा तो पुढचा पाठ आहे.