उदाहरणांची सोडवणूक आणि नियमाची निवड : उच्च माध्यमिक भौतिकशास्त्रातील ग्रंथपरंपरेची समीक्षा

सारांश : यांत्रिकी आणि विद्युतचुंबकत्व या विषयांतील उदाहरणे सोडविण्याचे शिक्षण भारतात प्रामुख्याने काही मोजक्या ग्रंथांच्या आधारे होते. प्रस्तुत लेखात एच. सी. वर्मा यांच्या ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ या ग्रंथाचा मुख्यतः आणि आय. ई. इरोडोव्ह यांच्या उदाहरणसंग्रहाचा तुलनेपुरता विचार केला आहे. हे ग्रंथ नियमाचा वापर उत्तम शिकवितात. परंतु नियमाची निवड शिकविण्याचे काम त्यांच्या रचनेमुळे अपुरे राहते व ते अध्यापकाकडे येते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : उदाहरण-सोडवणूक, यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, पाठ्यग्रंथ-समीक्षा.

प्रस्तावना :

मराठी शालेय व्यवहारात ‘उदाहरण’ हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. नियम स्पष्ट करण्यासाठी दिलेला दाखला म्हणजे उदाहरण आणि विद्यार्थ्याने स्वतः सोडवायचा प्रश्न म्हणजेही उदाहरण. पाठ्यपुस्तकात ‘सोडवलेली उदाहरणे’ आणि ‘उदाहरणे सोडवा’ अशी दोन्ही शीर्षके एकाच प्रकरणात आढळतात. शब्द एक असल्यामुळे दोन्हींचे कार्यही एकच आहे, असा समज नकळत रुजतो. वास्तविक सोडवलेल्या उदाहरणात नियम आधी ठरलेला असतो आणि संख्या नंतर येतात. न सोडवलेल्या उदाहरणात परिस्थिती आधी समोर येते आणि नियम शोधावा लागतो. दहावीपर्यंत हे अंतर फारसे जाणवत नाही. अकरावीत ते एकाएकी रुंदावते आणि दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थीही ‘थिअरी समजते, पण गणिते सुटत नाहीत’ अशी तक्रार करू लागतो. या तक्रारीचे मूळ विद्यार्थ्याच्या कुवतीत शोधण्यापूर्वी त्याच्या हातातील ग्रंथांची रचना तपासणे आवश्यक आहे.

वर्मा यांच्या ग्रंथाचे वेगळेपण :

पाटण्याच्या भारती भवनाने 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या द्विखंडात्मक ग्रंथात 47 प्रकरणे आहेत. यांत्रिकी पहिल्या खंडात, तर विद्युत व चुंबकत्व दुसऱ्या खंडात येते. ग्रंथाचे सर्वांत मोठे यश म्हणजे त्यातील न्यूटनच्या नियमांची मांडणी होय. नियमांच्या आधी बलांच्या स्वरूपाविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यामुळे ‘बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण’ एवढ्या सूत्रावर विद्यार्थ्याची बोळवण होत नाही. प्रत्येक बल कोणत्या वस्तूने कोणत्या वस्तूवर लावले, हा प्रश्न त्याच्या मनात आधीच निर्माण होतो. त्यानंतर नियम वापरण्याच्या चार पायऱ्या क्रमाने सांगितल्या आहेत : विचारात घ्यायची वस्तू अथवा वस्तुसमूह ठरविणे, त्यावरील बले ओळखणे, ती सुट्या आकृतीत दाखविणे आणि अक्ष निवडून समीकरणे लिहिणे.

या पायऱ्यांचे महत्त्व साध्या उदाहरणातून लक्षात येते. हलक्या, घर्षणरहित कप्पीवरून गेलेल्या दोरीच्या टोकांना 3 किलोग्रॅम व 2 किलोग्रॅमची वजने बांधली असता दोरीतील ताण किती? पहिली पायरी वगळणारा विद्यार्थी ‘वजन टांगले आहे, म्हणून ताण वजनाएवढा’ असे मानून 30 न्यूटन हे उत्तर लिहितो (गुरुत्वत्वरण 10 मीटर प्रति वर्गसेकंद घेता). दोन्ही वजने स्वतंत्रपणे विचारात घेणाऱ्यास 30 वजा ताण बरोबर 3 गुणिले त्वरण आणि ताण वजा 20 बरोबर 2 गुणिले त्वरण अशी दोन समीकरणे मिळतात. त्यांवरून त्वरण 2 मीटर प्रति वर्गसेकंद व ताण 24 न्यूटन येतो. उत्तर 20 आणि 30 यांच्या दरम्यान असलेच पाहिजे, कारण जड वजन खाली जाण्यासाठी ताण त्याच्या भारापेक्षा कमी हवा आणि हलके वर जाण्यासाठी त्याच्या भारापेक्षा अधिक हवा. ही पडताळणी आकडेमोडीपूर्वीच करता येते. वर्मा यांची पद्धत अंगी बाणलेला विद्यार्थी अशी चूक सहसा करीत नाही, हे या ग्रंथाचे खरे श्रेय आहे.

प्रकरणाच्या शीर्षकातील सूचना :

तथापि ग्रंथाची मर्यादाही त्याच्या रचनेतच आहे. प्रत्येक प्रकरणाअखेर लघुप्रश्न, दोन प्रकारचे वस्तुनिष्ठ प्रश्न आणि स्वाध्याय अशी मांडणी येते. स्वाध्याय कितीही कठीण असला, तरी तो ज्या प्रकरणाखाली छापलेला आहे, त्या प्रकरणाचे नावच नियम सांगून टाकते. ‘कार्य आणि ऊर्जा’ या शीर्षकाखालील उदाहरणात ऊर्जेची अक्षय्यता वापरायची, हे विद्यार्थ्याला न वाचताच कळते. इरोडोव्ह यांच्या मॉस्कोच्या मीर प्रकाशनामार्फत इंग्रजीत आलेल्या संग्रहात ही बाब अधिक ठळक आहे. तेथे प्रत्येक विभागाच्या प्रारंभी सूत्रांची यादी असते, पाठोपाठ उदाहरणे आणि अखेरीस उत्तरे. उदाहरणांची प्रत उच्च असली, तरी उपयोगी सूत्र त्या छोट्या यादीतच असणार, ही खात्री वाचकाला आधीच मिळते.

ही उणीव किरकोळ नाही. ची, फेल्टोविच आणि ग्लेझर यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भौतिकशास्त्रातील उदाहरणांचे गट पाडण्यास सांगितले असता नवशिक्यांनी ‘उतरणीची’, ‘स्प्रिंगची’, ‘कप्पीची’ असे बाह्य स्वरूपावरून गट पाडले. तज्ज्ञांनी मात्र ते मूळ तत्त्वावरून पाडले. म्हणजेच तज्ज्ञाचे कौशल्य केवळ जलद आकडेमोडीत नसून परिस्थितीत दडलेले तत्त्व ओळखण्यात आहे. प्रकरणवार स्वाध्यायात नेमके हेच कौशल्य अनावश्यक ठरते.

विद्युतचुंबकत्वातील एक उदाहरण :

विद्युतचुंबकत्वात ही अडचण वाढते, कारण तेथे यांत्रिकी विसरून चालत नाही. दोन उभे वाहक रूळ वरच्या टोकाशी 0.5 ओहम रोधाने जोडले आहेत. रुळांच्या प्रतलाला लंब असे 0.4 टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र आहे. 50 सेंटिमीटर लांबीची, 20 ग्रॅम वस्तुमानाची आडवी दांडी रुळांना टेकून घर्षणाविना खाली घसरते. दांडी व रूळ यांचा रोध नगण्य आहे. दांडीचा अंतिम स्थिर वेग किती?

‘विद्युतचुंबकीय प्रवर्तन’ प्रकरण नुकतेच वाचलेला विद्यार्थी प्रवर्तित विद्युतगामक बलाचे सूत्र लिहितो. त्यात वेग लागतो आणि वेगच दिलेला नाही, म्हणून तो थांबतो. दुसरा विद्यार्थी मुक्त पतनाची समीकरणे वापरतो. परंतु येथे त्वरण स्थिर नसल्यामुळे ती लागू पडत नाहीत. उदाहरणाची किल्ली प्रवर्तनाच्या प्रकरणात नाही. ती ‘स्थिर वेग’ या दोन शब्दांत आहे. वेग स्थिर म्हणजे त्वरण शून्य आणि त्वरण शून्य म्हणजे बले संतुलित. दांडीचा भार 0.2 न्यूटन असल्याने तेवढेच चुंबकीय बल वर लागले पाहिजे. त्यासाठी 1 अँपिअर धारा लागते. 0.5 ओहम रोधातून ती वाहण्यासाठी 0.5 व्होल्ट आणि तेवढे निर्माण होण्यासाठी 2.5 मीटर प्रति सेकंद वेग लागतो. पडताळणीसाठी ऊर्जेकडे वळता येते : गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला 0.2 गुणिले 2.5, म्हणजे 0.5 जूल कार्य करते आणि रोधातही दर सेकंदाला 0.5 जूल उष्णता निर्माण होते. दोन स्वतंत्र वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या, की उत्तरसूची पाहण्याची गरज उरत नाही. चुंबकीय बल खालच्या दिशेने लागते असे मानल्यास ऊर्जा शून्यातून निर्माण होईल. लेंझच्या नियमाचा अर्थही येथेच उलगडतो.

या सोडवणुकीत सूत्रे थोडी आहेत आणि आकडेमोड शालेय आहे. कठीण आहे ती सुरुवात. छापील सोडवणूक बहुधा पहिल्या समीकरणापासून प्रारंभ करते. त्यापूर्वीचा विचार, सोडून दिलेल्या वाटा आणि त्या सोडण्याची कारणे छापली जात नाहीत.

संख्येचा भ्रम :

या उणिवेवर ‘अधिक उदाहरणे सोडवा’ हा उपाय सर्रास सुचविला जातो. किम आणि पाक यांनी 2002 मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये प्रसिद्ध केलेला कोरियातील अभ्यास या संदर्भात मननीय आहे. त्यातील विद्यार्थ्यांनी स्वतःच्या अंदाजाप्रमाणे 300 ते 2900 उदाहरणे सोडविली होती. सूत्रे आणि गणित यांत त्यांना विशेष अडचण नव्हती. मात्र यांत्रिकीतील मूलभूत संकल्पनांविषयीचे गैरसमज कायम होते आणि सोडविलेल्या उदाहरणांची संख्या व आकलन यांत फारसा संबंध आढळला नाही.

परीक्षापद्धती या भ्रमास खतपाणी घालते. भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत 2005 पर्यंत सविस्तर सोडवणूक लिहावी लागे. 2006 पासून ती वस्तुनिष्ठ झाली. महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेशपरीक्षेत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या 100 प्रश्नांना 90 मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नास सरासरी 54 सेकंद. एवढ्या वेळात तत्त्वाचा शोध घेण्यापेक्षा ओळखीचा नमुना आठवणे सोयीचे ठरते. वर्मा यांचा ग्रंथ शांतपणे विचार करणाऱ्या वाचकासाठी आहे. त्याचा वापर मात्र पुष्कळदा नमुन्यांचा साठा म्हणून होतो. हा दोष ग्रंथाचा नाही, परंतु त्याच्या प्रकरणवार रचनेमुळे असा वापर सुलभ होतो, हे मान्य करावे लागते.

निष्कर्ष :

वर्मा यांचा ग्रंथ नियमाच्या वापराचा आदर्श वस्तुपाठ आहे आणि त्याचे स्थान अबाधित आहे. परंतु नियमाची निवड तो पुरेशी शिकवीत नाही. ते काम वर्गात व्हावे लागते. त्यासाठी नव्या पुस्तकाची गरज नाही. निरनिराळ्या प्रकरणांतील उदाहरणे शीर्षके काढून एकत्र देणे, आकडेमोड न करता केवळ तत्त्व व ते निवडण्याचे कारण लिहावयास सांगणे, प्रत्येक उत्तर दुसऱ्या वाटेने पडताळून घेणे आणि अध्यापकाने फळ्यावर स्वतःची फसलेली सुरुवातही राहू देणे, एवढे उपाय उपलब्ध तासिकांतही शक्य आहेत.

हा केवळ अध्यापनतंत्राचा प्रश्न नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी अकरावीत नवी भाषा आणि नवी उदाहरणे यांना एकाच वेळी सामोरा जातो. निवडीचे कौशल्य आपल्याला कधी शिकविलेच गेले नाही, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून ‘हा विषय आपल्यासाठी नाही’ असा निष्कर्ष तो स्वतःविषयी काढतो. तो निष्कर्ष चुकीचा आहे, हे त्याला दाखवून देणे कोणत्याही ग्रंथाला शक्य नाही. ती जबाबदारी अध्यापकाचीच आहे.