टोपीकरांना ओळखणारी नजर

फेब्रुवारी 2022मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि अमेरिकी वास्तववादी अभ्यासक जॉन मिअरशायमर यांचे नाव पुन्हा चर्चेत आले. नाटोचा पूर्वेकडचा विस्तार रशिया सोसणार नाही, असे ते 2014पासून बजावत होते. अनेकांना हा वास्तववादाचा विजय वाटला. मला मात्र त्यांचा 1993चा लेख अधिक बोलका वाटतो. रशियाला धाक बसावा म्हणून युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रे सोडू नयेत, असे त्यांनी त्यात लिहिले होते. 1994मध्ये बुडापेस्टला मिळालेल्या सुरक्षेच्या आश्वासनांवर विसंबून युक्रेनने ती सोडली. दोन्ही इशाऱ्यांत सगळा हिशेब बड्या सत्तेच्या भीतीचा आहे. युक्रेनच्या लोकांना कोणाच्या बाजूने जायचे आहे, या प्रश्नाला त्यात जागाच नाही.

वास्तववादातली ही उणीव मुळातली आहे. त्याचे प्रमुख सिद्धान्तकार केनेथ वॉल्ट्झ यांनी 1979मध्ये मांडले, की राष्ट्रांच्या डोक्यावर कोणतेही सरकार नसल्याने प्रत्येकाला आपल्या सुरक्षेची काळजी स्वतःच घ्यावी लागते. मांडणी देखणी होती. पण बारा वर्षांत सोव्हिएत संघ महायुद्धाशिवाय कोसळला, आणि त्याचे समाधानकारक उत्तर तिला देता आले नाही. त्या फटीतून अलेक्झांडर वेंट यांचा रचनावाद आला; राष्ट्रांचे शत्रू-मित्र परस्परांविषयीच्या समजुतींतून ठरतात, असे तो मानतो. ब्रिटनच्या पाचशे अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाची पाच अण्वस्त्रे अमेरिकेला अधिक भयंकर का वाटतात, हा त्यांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासातला सर्वांत मार्मिक प्रश्न आहे. दुर्दैवाने त्यांच्या अनेक अनुयायांनी घडून गेलेल्या गोष्टींना 'ओळख' आणि 'संकेत' अशी नावे देण्यातच समाधान मानले. व्यापार आणि संस्था यांवर भिस्त ठेवणाऱ्या उदारमतवादाची स्थिती तर बिकटच आहे. देशांमधल्या व्यापारी तंट्यांवरची अपिले ऐकणारे जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर 2019पासून ठप्प आहे.

हे सिद्धान्त कोणाच्या अनुभवातून आले, हे विचारायला फार उशीर झाला. या विषयाचे पहिले अध्यासन 1919मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला स्थापन झाले, एवढेच बहुतेक पाठ्यपुस्तके सांगतात. अमेरिकेतल्या 'फॉरेन अफेअर्स' या मातब्बर नियतकालिकाचा पूर्वज 1910मध्ये 'जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट', म्हणजे वंशविकासाचे नियतकालिक, म्हणून निघाला होता, हे ती सहसा सांगत नाहीत. अभ्यासक रॉबर्ट व्हिटालिस यांनी 2015च्या पुस्तकात ही वंशावळ उघड केली. त्याआधी वर्षभर अमिताव आचार्य यांनी सर्व जगाचा अनुभव सामावणाऱ्या अभ्यासाची हाक दिली होती.

त्या हाकेला आपल्याकडून मिळालेला प्रतिसाद मला अपुरा वाटतो. आपण कौटिल्याला पुढे केले, पण 'शेजारी तो शत्रू' या एका सूत्रापुरते. मुंबई विद्यापीठाने 1960 ते 1965 या काळात प्रसिद्ध केलेली र. पं. कंगले यांची कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'ची चिकित्सक आवृत्ती हाती असताना ही घाई अक्षम्य आहे. संधी (तह) आणि विग्रह (युद्ध) यांतून सारखाच लाभ होत असेल तर संधी करावी, कारण युद्धात क्षय, खर्च आणि प्रवास आहे, असे तोच कौटिल्य सांगतो.

आणि मराठेशाहीतला राजनीतीवरचा ग्रंथ 'आज्ञापत्र'? त्याकडे तर आपण वळलोच नाही. 1715च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी त्यात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, लिहिले, की हे इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी राजे आहेत आणि त्यांना भूमीचा लोभ आहे. तेव्हा प्लासीची लढाई चाळीस वर्षे दूर होती. व्यापारी आणि राज्यसत्ता एकाच जहाजातून येतात, ही गोष्ट वॉल्ट्झ यांच्या चौकटीत कुठेच बसत नाही, कारण तिथे कर्ता एकच, राज्य. अमात्यांना ती दिसली, कारण ती जहाजे त्यांच्या किनाऱ्याला लागत होती. दुबळ्या बाजूने सत्तेकडे पाहण्याची ही नजर आजच्या सिद्धान्तचर्चेला हवी आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासक्रमात वॉल्ट्झ आणि वेंट यांच्या शेजारी 'आज्ञापत्रा'तले हे प्रकरण लावावे. ते मुळातच मराठीत आहे.