महाराजाचे शंभर लायटर

हाउन्सलो हाय स्ट्रीटवरच्या कुठल्याही छोट्या दुकानात काउंटरपाशी प्लास्टिकच्या लायटरचा एक ट्रे असतो. लाल, निळे, हिरवे. सिगरेट न ओढणारेही त्यातला एखादा उचलतात, देवापुढच्या निरांजनासाठी नाहीतर केकवरच्या मेणबत्त्यांसाठी. गॅस संपला की टाकला कचऱ्यात. हाउन्सलो सेंट्रलहून पिकाडिली लाइन पकडा आणि तीन स्टेशनं पुढे हीथ्रोला उतरा. तिथे मात्र महागड्या वस्तूंच्या काचेमागे प्रत्येक ब्रँड आपलं जन्मसाल मिरवत असतो. वस्तूबरोबर तुम्हाला तिचा इतिहासही विकला जातो.

यातला एक इतिहास आज जरा तपासून बघू. एस. टी. ड्यूपाँ या फ्रेंच कंपनीचा. (नायलॉनवाली अमेरिकन ड्यूपाँ वेगळी, तिचा इथे काही संबंध नाही.) कंपनी स्वतःची गोष्ट सांगते ती थोडक्यात अशी. सिमोन तिसो-ड्यूपाँ नावाच्या माणसानं १८७२ साली पॅरिसमध्ये चामड्याच्या कागदपत्रांच्या बॅगा बनवायला सुरुवात केली. पुढच्या पिढ्यांनी श्रीमंतांसाठी प्रवासी पेट्या बनवल्या. कारखाना आल्प्सच्या पायथ्याशी फाव्हेर्ज या गावी गेला. १९३०च्या दशकात चिनी लाखेचं काम सुरू झालं. मग १९४१ मध्ये पहिला चैनीचा लायटर बनला, आणि १९५२ मध्ये गॅसवर चालणारा.

या गोष्टीत आपलं लक्ष वेधून घेणारा माणूस येतो १९४१ मध्ये: पतियाळाचा महाराजा. त्यानं म्हणे शंभर पर्सेसची ऑर्डर दिली आणि प्रत्येक पर्समध्ये एक सोन्याचा लायटर हवा असं सांगितलं. त्यातून ड्यूपाँचा लायटर जन्मला. ही गोष्ट ऐकली की परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांची कॉलर जरा ताठ होते. बघा, यांच्या सगळ्यात भारी वस्तूमागे आपलाच माणूस! मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

पण जरा थांबा. कुठला महाराजा? डोळ्यांसमोर येतात ते भूपिंदर सिंग, दागिन्यांनी मढलेले, रोल्स-रॉइसवाले. ते १९३८ मध्येच वारले. १९४१ मध्ये गादीवर होते त्यांचे चिरंजीव यादविंदर सिंग. आणि १९४१ साल कसलं होतं? जून १९४०मध्ये पॅरिस जर्मनांच्या हाती गेलं होतं. फाव्हेर्ज ज्या भागात येतं तो व्हिशी सरकारच्या ताब्यात होता. ब्रिटननं फ्रान्सची सागरी नाकेबंदी केली होती, आणि पतियाळा संस्थान ब्रिटनच्या बाजूनं युद्धात उतरलेलं होतं. अशा वेळी पंजाबातून आल्प्समध्ये सोन्याच्या लायटरची ऑर्डर गेली कशी आणि माल आला कसा?

ऑर्डर आधीची असेल, काम रेंगाळलं असेल, हे शक्य आहे. ही गोष्ट खोटीच आहे असा माझा दावा नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ही गोष्ट इतकी गोड आहे की हे साधे प्रश्न कुणी विचारतच नाही. त्याच साली आणखी एक रोखठोक कारण समोर उभं होतं. युद्धात चैनीचा प्रवास थांबला, मग प्रवासी पेट्या घेणार कोण? पेट्यांवर पोट असलेल्या कारखान्याला खिशात मावणारी नवी वस्तू हवीच होती. पण ‘धंदा बसला म्हणून लायटर बनवला’ हे वाक्य काचेमागे शोभत नाही. महाराजा शोभतो.

राजाचं नाव पुढे आलं की बाकीचे कसे मागे पडतात, याचं आपल्या घरातलं उदाहरण याच भूपिंदर सिंगांच्या आयुष्यात आहे. १९११ मध्ये भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर आला. कर्णधार होते पतियाळाचे महाराज. त्यांनी मोजकेच सामने खेळले. त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले ते पुण्याच्या मैदानांवर घडलेल्या पाळवणकर बाळू या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानं. बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात ते पिच राखण्याचं आणि नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करण्याचं काम करत. चहाच्या वेळी त्यांना वेगळ्या कपात, पॅव्हेलियनबाहेर चहा दिला जाई. एका महाराजाच्या नावावर शंभर लायटर, आणि त्याच्याच संघातल्या बाळूंच्या नावावर शंभरावर बळी. यातली कुठली गोष्ट तुम्हाला आधी माहीत होती, ते स्वतःशीच बघा.

ड्यूपाँच्या कारागिरीबद्दल मात्र हात आखडता घ्यायचं कारण नाही. चिनी लाख म्हणजे झाडाचा चीक. आपल्याकडची लाख किड्यापासून मिळते, ही ती नव्हे. धातूवर तिचा पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा. यात घाई चालत नाही. झाकण उघडताना येणारा ‘टिंग’ आवाजही जपलेला असतो. आतली युक्ती तशी आपल्या ओळखीची आहे. आपल्या पणज्यांच्या चंचीत पानसुपारीबरोबर चकमक असायची. पोलादाचा तुकडा गारगोटीवर घासायचा आणि ठिणगी कापसावर घ्यायची. लायटरमध्ये गारगोटीच्या जागी ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर यानं १९०३ मध्ये शोधलेला मिश्रधातू आला, कापसाच्या जागी आधी पेट्रोल आणि मग गॅस.

पण हे काम ज्या हातांनी होतं, त्यांची नावं या गोष्टीत सहसा येत नाहीत. येतात ती गिऱ्हाइकांची.

आणि आता ती बाजू, जी काचेमागे क्वचितच दिसते. १९६१ मध्ये याच ड्यूपाँ घराण्यातून ‘क्रिकेट’ नावाचा लायटर आला. प्लास्टिकचा, स्वस्त, गॅस संपला की फेकून द्यायचा. म्हणजे हाउन्सलोच्या दुकानातल्या त्या ट्रेचा पूर्वजही इथलाच. बिकचा लायटर आला त्यानंतर, १९७३ मध्ये. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी वस्तू आणि महिनाभरात कचऱ्यात जाणारी वस्तू, दोन्ही एकाच घरच्या. १९७०च्या सुमारास हे घर जिलेट या ब्लेडवाल्या कंपनीच्या हातात गेलं. पुढे वाटण्या झाल्या. चैनीचा लायटर १९८७ मध्ये हाँगकाँगच्या डिक्सन पून यांच्याकडे गेला. ‘क्रिकेट’ त्याच दशकात स्वीडिश मॅच या काडेपेटीवाल्या कंपनीकडे.

आणि इथे गोष्ट थेट सेंट्रल लाइनवर येते. भारत सरकारनं १९२२ मध्ये आयात काडेपेट्यांवरचा कर वाढवला, तेव्हा याच स्वीडिश कंपनीनं भारतातच कारखाने काढायचं ठरवलं. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी निघाली, म्हणजे विमको. तिचा मोठा कारखाना अंबरनाथला होता. तुमच्या आजीनं स्टोव्ह पेटवला तो बहुधा विमकोच्याच काडीनं. २००५ मध्ये विमको आयटीसीकडे गेली. तोपर्यंत ड्यूपाँचा तो फेकाऊ लायटर आणि अंबरनाथची काडी एकाच मालकाच्या छताखाली होत्या.

फाव्हेर्जच्या नावावर आज इतिहास विकला जातो. अंबरनाथमध्ये विमकोचं नाव उरलंय ते एका नाक्याला. कारण फाव्हेर्जच्या गोष्टीला महाराजा मिळाला, अंबरनाथच्या गोष्टीला नाही. म्हणून अशा ‘वारशा’च्या गोष्टी वाचताना माझी सूचना एवढीच: राजाचं नाव आलं की साल तपासा, आणि मग विचारा की ही वस्तू बनवली कुणी, आणि त्याच कारखान्यानं आणखी काय बनवलं.

ज्या हाउन्सलोत मी हे लिहितोय, तिथूनच २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडन-पॅरिस रोजच्या विमानसेवेचं पहिलं विमान उडालं. एकच प्रवासी, आणि सामानात मलईच्या बरण्या, शिकारीचे पक्षी आणि चामडं. त्या प्रवाशाचं नाव नोंदलेलं आहे. चामडं कमावणाऱ्याचं नाही.

तुमच्यापैकी कुणाचे आजोबा-आजी अंबरनाथ, बदलापूर, कल्याणकडचे असतील, तर या रविवारी फोनवर विचारा: विमकोत आपल्यापैकी कुणी होतं का? काय काम करायचे, पाळी किती वाजता सुटायची? उत्तर मिळालं तर फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, अर्थात त्यांना विचारून.