युगपत् काव्य: संहिता, प्रयोग आणि कर्तृत्व

सामूहिक प्रयोगाची समीक्षा करू पाहणाऱ्याची पहिली अडचण पुराव्याची असते. प्रयोग संपतो, प्रेक्षक पांगतात आणि समीक्षकाच्या हाती उरतो तो कागद. या कागदालाच कलाकृती मानण्याची सवय साहित्यसमीक्षेच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, त्यात काही गृहीत धरले जात आहे याचेही भान राहत नाही. मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द रंगमंचावरील सादरीकरण आणि नव्याची चाचणी या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. तरीही ‘प्रायोगिक’ म्हणून आपण ज्याचा अभ्यास करतो ते बहुधा संहितेतले नवेपण असते. संहिता आणि प्रयोग यांचे नाते नेहमी पूरकच असते असे नाही. ते विरोधाचेही असू शकते. झुरिचच्या कॅबरे व्होल्तेरमध्ये १९१६ च्या मार्चअखेरीस सादर झालेल्या एका युगपत् काव्याच्या आधारे हा मुद्दा तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

कॅबरे व्होल्तेर ही रूढ अर्थाने नाट्यसंस्था नव्हती आणि कलादालनही नव्हते. ह्यूगो बाल हा जर्मन लेखक आणि एमी हेनिंग्ज ही गायिका व कवयित्री यांनी श्पीगेलगासे या गल्लीतील यान एफ्राइम याच्या मद्यालयाची खोली मिळवली आणि ५ फेब्रुवारी १९१६ रोजी तेथे कार्यक्रम सुरू केले. कोणत्याही पंथाच्या तरुण कलावंतांनी आपापले काम घेऊन यावे, असे जाहीर आवाहन त्यांनी केले होते. कोणाचा आश्रय नाही, अकादमीचे छत्र नाही. मालकाचा हिशेब मद्याच्या विक्रीशी. हे स्वातंत्र्य अर्थातच मुदतीचे होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हे कॅबरे बंद पडले. तेथे जमलेल्यांपैकी अनेकजण युद्ध टाळून तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये आलेले परदेशी होते. व्हर्दूंची लढाई २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती आणि मार्चअखेर ती ऐन भरात होती.

या खोलीत रिचर्ड ह्युल्सेनबेक, मार्सेल यान्को आणि त्रिस्तान त्झारा या तिघांनी एकत्र उभे राहून जे काव्य सादर केले, त्याच्या फ्रेंच शीर्षकाचा अर्थ ‘नौसेनापती भाड्याचे घर शोधतो’ असा होतो. त्याच वर्षी निघालेल्या ‘कॅबरे व्होल्तेर’ या संकलनात ते छापले गेले. छापील पानावर तिघांच्या ओळी स्वरलिपीप्रमाणे एकाखाली एक मांडल्या आहेत. ह्युल्सेनबेक जर्मनमध्ये बोलतो, यान्को इंग्रजी शब्द गातो आणि त्झारा फ्रेंचमध्ये बोलतो. मध्ये एक तालबद्ध टप्पा येतो. त्यात ढोल, शिटी आणि खुळखुळा यांची योजना असून आवाजाच्या चढउतारासाठी संगीतलेखनातील खुणा दिल्या आहेत. शेवटचे वाक्य मात्र तिघांचे एकच आहे आणि ते फ्रेंचमध्ये आहे. नौसेनापतीला काहीच सापडले नाही, एवढेच ते सांगते.

संहिता आणि प्रयोग यांच्यातला विरोध येथेच दिसतो. पान हाती असलेल्या वाचकाला प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वाचता येते. तो जर्मन ओळ पुरी करून इंग्रजीकडे वळू शकतो, शब्दकोश उघडू शकतो, मागे येऊ शकतो. खोलीतल्या श्रोत्याला यातले काहीही शक्य नव्हते. त्याच्या कानावर तीन भाषा एकाच क्षणी पडत होत्या आणि एकीकडे लक्ष द्यावे तर उरलेल्या दोन निसटत होत्या. मग या काव्याचा ‘आशय’ कोठे शोधावयाचा? तीन ओळींचे अर्थ लावून त्यांची बेरीज करणारा समीक्षक अशा एका कृतीचे विवरण करतो, जी त्या रात्री कोणीही ऐकलेली नव्हती. उलटपक्षी, ‘तो निव्वळ गोंगाट होता’ म्हणून हात झटकणारा समीक्षक, तो गोंगाट चढउताराच्या खुणांसह काळजीपूर्वक लिहून काढलेला होता, हे विसरतो. अर्थपूर्ण ओळी जाणीवपूर्वक रचावयाच्या आणि त्या एकमेकींकडून झाकल्या जातील अशी व्यवस्था करावयाची, या दुहेरी क्रियेत या काव्याचे मर्म आहे.

जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी या त्या वेळी परस्परांशी लढणाऱ्या राष्ट्रांच्या भाषा. त्यामुळे हे काव्य म्हणजे युद्धाचे ध्वनिरूप, असा अर्थ चटकन सुचतो. तो चूक नाही, पण पुरेसाही नाही. त्झारा आणि यान्को हे दोघेही रुमानियातून आलेले ज्यू होते. फ्रेंच आणि इंग्रजी या त्यांच्या घरच्या भाषा नव्हेत. तिघांपैकी केवळ ह्युल्सेनबेक मायबोलीत बोलतो आणि शेवटच्या वाक्यात तोही ती सोडून फ्रेंचमध्ये येतो. म्हणजे तिघांचे एकमत होते तेव्हा त्यांपैकी एकही जण स्वतःच्या भाषेत राहिलेला नसतो, आणि ते एकमतही घर न मिळाल्याचे असते. शीर्षकातले भाड्याचे घर अशा रीतीने आशयापुरते न राहता रचनेत उतरते. भाषा येथे राष्ट्राचे प्रतीक म्हणून येत नाही. निर्वासिताने तात्पुरता घेतलेला निवारा म्हणून येते. हा अर्थ तीन ओळी वेगवेगळ्या वाचून हाती येत नाही. कोण कोणत्या भाषेत उभा आहे, हे पाहिल्यावरच तो दिसू लागतो.

या प्रयोगाची दोन विवरणे त्याच वर्तुळातून आलेली आहेत आणि ती जुळत नाहीत. छापील काव्याला जोडलेल्या टिपणात त्झारा म्हणतो की, प्रत्येक श्रोत्याने आपल्या प्रकृतीनुसार घटक निवडावेत, जोडावेत, मोडावेत. मात्र कर्त्याने आखून दिलेल्या दिशेतच त्याने राहावे. उंबेर्तो एकोने १९६२ मध्ये मांडलेल्या ‘मुक्त कलाकृती’च्या कल्पनेची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. बालच्या रोजनिशीतली ३० मार्चची नोंद मात्र वेगळाच सूर लावते. त्याच्या मते मानवी आवाज म्हणजे आत्मा, व्यक्तित्व. आणि भोवतीचा गोंगाट म्हणजे त्या आवाजाला वेढणारे व गिळणारे जग. त्झाराला जेथे श्रोत्याचे स्वातंत्र्य दिसते, तेथे बालला बोलणाऱ्याचा पराभव ऐकू येतो. यांपैकी एकाची निवड करण्याची गरज नाही. एक विवरण ग्रहणाच्या बाजूने केलेले आहे, दुसरे उच्चाराच्या बाजूने. आणि श्रोत्याला जे स्वातंत्र्य मिळते त्याची किंमत बोलणाराच मोजत असतो.

त्झाराच्या टिपणातली आणखी एक गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. काव्याखाली नावे तिघांची आहेत. टिपणात मात्र हे काव्य ‘मी’ रचले असे येते आणि उरलेल्या दोघांची नावे कंसात जातात. ज्या कृतीत कोणताही आवाज दुसऱ्यावर सत्ता गाजवू शकत नव्हता, तिच्याबद्दल लिहिताच एक आवाज वर आला. हा दोष एकट्या त्झाराचा मानण्याचे कारण नाही; लेखनाचा तो स्वभावच आहे. प्रयोगात कर्तृत्व वाटले जाते, कागदावर ते एकाकडे गोळा होते. एमी हेनिंग्जचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. झुरिचच्या वृत्तपत्राने तिला या कॅबरेची तारका म्हटले होते; ती कवयित्रीही होती. पण तेथले तिचे मुख्य काम गळ्याचे होते आणि जाहीरनाम्यांच्या आधारे लिहिलेल्या दादावादाच्या इतिहासात तिला दीर्घकाळ ‘बालची पत्नी’ एवढीच जागा मिळाली. त्या खोलीचे यान्कोने रंगवलेले चित्रही हरवले असून आज ते छायाचित्रावरूनच ओळखले जाते.

मग समीक्षकाने छापील पान बाजूला ठेवावे काय? तसे केल्यास हाती काहीच उरणार नाही. मात्र त्या पानाचा दर्जा नीट ठरवला पाहिजे. ते पान म्हणजे कलाकृती नव्हे, आणि तिचा निर्जीव अवशेषही नव्हे. श्रोत्याला काय ऐकू आले नाही, याचे ते लेखी प्रमाण आहे. खोलीतल्या कोणालाही नसलेली सोय वाचकाला मिळाली आहे. ती अर्थ गोळा करण्यासाठी न वापरता, काय हरवले हे मोजण्यासाठी वापरावी. वर्गात हे काव्य शिकवताना आधी तिघांनी ते एकदम मोठ्याने म्हणावे आणि त्यानंतरच पान उघडावे, एवढी साधी शिस्तही या दृष्टीने पुष्कळ काही शिकवील. सहनिर्मिती म्हणजे सूर जुळणे, ही आपली समजूतही त्यातून तपासली जाईल. झुरिचच्या त्या तिघांनी एकत्र येऊन एकमेकांना ऐकू येणे अशक्य केले, आणि सूर जुळला तो शेवटी, काही न सापडल्याचे सांगताना. सामूहिक कृतीची समीक्षा करावयाची तर या न जुळण्यालाही रचनेचा भाग मानण्याची तयारी हवी.