जनीचे यमक आणि केराची पाटी

गोदाकाठचे गंगाखेड हे परंपरेने जनाबाईचे जन्मगाव. शूद्र घरातील ही मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबली. शाळेत आम्हाला तिची भक्ती शिकवली. तिचे यमक कोणी शिकवले नाही. ते तपासले पाहिजे.

तिचा झाडलोटीचा अभंग घ्या. ही लहान अभंगाची रचना: ओळीला दोन चरण, चरणाला साधारण आठ अक्षरे, चरणान्ती यमक. पहिल्या चरणात जनी झाडते, दुसऱ्यात देव केर भरतो. दोन्ही चरणांत वाक्याचा साचा एकच आहे: आधी काम, मग क्रियापद, शेवटी कर्ता. क्रियापदांचाही प्रास जुळतो आणि चरणान्ती ‘जनी’शी ‘चक्रपाणी’ जुळतो. दासीच्या नावाला देवाच्या नावाचे यमक! वर्णव्यवस्थेने जी जोडी कधी मान्य केली नसती, ती छंदाने लावली. म्हणून या पुनरावृत्तीला मी केवळ अलंकार मानत नाही. ती श्रमाची समान वाटणी आहे.

पण पुढे देव केराची पाटी डोक्यावर घेऊन दूर टाकायला जातो आणि जनी त्या कामाला ‘नीच’ म्हणते. शेवटी तर ती देवालाच विचारते, तुझी उतराई कशी होऊ? येथे माझे तिच्याशी भांडण आहे. यमकाने दासीला वर उचलले, काम मात्र खालीच राहिले. देवाने पाटी उचलली तेव्हा तो चमत्कार झाला. आमच्या आयांनी ती जन्मभर उचलली, त्याची नोंद कोणत्या गाथेत आहे?

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’पासून (१९७२) दलित कवितेने मुक्तछंदाची वाट रुंद केली. ते आवश्यकच होते. मात्र त्यावरून छंद म्हणजेच गुलामी, असे म्हणणाऱ्या मित्रांनी शेजारच्या बीड जिल्ह्याकडे पाहावे. माजलगावच्या भीमनगरातील बायांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या जात्यावरील ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. जाते तेच, यमकाची आणि पुनरावृत्तीची रीतही तीच. पण आता तिथे विठ्ठलाऐवजी बाबासाहेब आहेत.

जनीचा छंद आपला आहे, तो सोडण्याचे कारण नाही. सोडायचा आहे तो ‘नीच’ हा शब्द. वर्गात जनाबाई शिकवणाऱ्या शिक्षकाने त्या शब्दापाशी थांबावे आणि मुलांना विचारावे, हे काम नीच कोणी ठरवले?