नकलेची नक्कल

जुनी पुस्तके जमवणाऱ्या माणसाला ‘पुस्तक कसं आहे हो?’ असे कधी विचारू नये. मुखपृष्ठ मूळचे आहे, शिवण शाबूत आहे, वाळवी लागलेली नाही, एवढेच तो सांगतो. मी बँकेतला कारकून असल्यामुळे मला ही भाषा समजते. फाटकी नोट आली की आम्हीही तिच्यावरचा मजकूर वाचत बसत नाही, नंबर तेवढा बघतो.

या मंडळींचे एक लाडके दैवत म्हणजे पोलंडचा विज्ञानकथाकार स्तानिस्वाव लेम. त्याची ‘सोलॅरिस’ ही कादंबरी १९६१ साली निघाली, तीही चक्क पोलंडच्या संरक्षण मंत्रालयाच्या प्रकाशनगृहातर्फे. परग्रहावरच्या समुद्राशी संरक्षण खात्याचे काय काम, असे विचारू नका. सरकारात कुठली फाईल कुठल्या टेबलावर जाईल, याचा काही नेम नसतो.

पोलिश न येणाऱ्यांची भिस्त १९७० सालच्या पहिल्या इंग्रजी आवृत्तीवर. गंमत अशी की जोआना किलमार्टिन आणि स्टीव्ह कॉक्स यांनी हे भाषांतर पोलिशवरून केलेच नव्हते, फ्रेंच भाषांतरावरून केले होते. म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स! आमच्या खिडकीवर असला कागद आला तर आम्ही ‘ओरिजिनल घेऊन या’ म्हणून परत पाठवतो. शिवाय नायिका हारेय हिच्या नावातली अक्षरे उलटसुलट करून तिची ‘ऱ्हेया’ केली, आणि स्नाउटचा झाला ‘स्नो’. पासबुकावर एक नाव आणि चेकवर दुसरे! लेमला इंग्रजी वाचता येत असे आणि हे भाषांतर त्याला मुळीच पसंत नव्हते.

थेट पोलिशवरून केलेले बिल जॉन्स्टन यांचे इंग्रजी भाषांतर आले २०११ साली, मूळ पुस्तकानंतर पन्नास वर्षांनी. हारेयला तिचे नाव परत मिळाले. पण हे भाषांतर आले ते आधी ऐकायचे पुस्तक म्हणून आणि मग ई-बुक म्हणून. झाली ना संग्राहकांची पंचाईत? मुळाला सगळ्यांत जवळचे इंग्रजी ‘सोलॅरिस’, आणि त्याला वाळवी लागायचीही सोय नाही!

आता खुद्द कादंबरी पाहा. सोलॅरिस ग्रहावरच्या स्थानकात केल्विन येतो. खालचा समुद्र माणसाच्या आठवणींतून माणसे घडवतो आणि एके दिवशी केल्विनची आत्महत्या केलेली बायको त्याच्यासमोर उभी राहते. आपण नक्कल आहोत हे बिचारीला ठाऊक नसते. केल्विन तिला यानात कोंडून अवकाशात धाडतो, तर तशीच दुसरी हजर! पुढे हिच्यावर त्याचा जीव जडतो, आणि आपण कोण हे कळल्यावर ती जे भोगते, ते दुःख मात्र अस्सल असते. ज्या लेखकाने नकलेला एवढे काळीज दिले, त्याच्या पुस्तकाची किंमत फक्त मुद्रणाच्या सालावरून ठरवायची? दोन भाषांतून गाळून आलेल्या ‘ऱ्हेया’साठीही माझा घसा दाटून आला होता, तो काही झेरॉक्स नव्हता.

स्थानकात एक ग्रंथालय आहे. समुद्राच्या आकारांची वर्गवारी, त्यांची नावे, मते, मतांतरे, सगळे कपाटात नीट लावलेले. समुद्र मात्र कुणालाच कळलेला नाही. ही पाने कंटाळवाणी आहेत, हे कबूल. पण ती तशीच हवीत. ज्ञान नुसते रचून ठेवले की काय होते, ते वाचकाला तिथे जांभई देता देता कळते. संग्राहकाचे याहून नेमके चित्र मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

तरी आवृत्तीला काही अर्थच नाही, असे मी म्हणणार नाही. दानिएल म्रुझ यांच्या चित्रांची ‘सायबेरियाड’ मिळाली तर पदरमोड करून घ्यावी. तिथे निम्मा विनोद चित्रात आहे.

आणि ज्यांना निव्वळ दुर्मिळच हवे, त्यांची सोय लेमने १९७१ सालीच करून ठेवली. त्या वर्षी त्याने अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांच्या परीक्षणांचे एक पुस्तक काढले. त्यांतल्या एखाद्या पुस्तकाची पहिली आवृत्ती कुणाला मिळालीच, तर ती मात्र त्याने खुशाल न वाचता कपाटात ठेवावी.